डोळ्यांवरचं पितळ

बिटर लिक,
६ मार्च १९३४

डेल्फिया,

तू पाद्रीबाबांना माझ्या दारात पाठवलंस, म्हणून मला हे पत्र लिहावं लागतं आहे. काही हवं असेल तर स्वतःच्या तोंडाने मागायचं, नाहीतर स्वतःच्या अक्षरात, हे मी तुला तिसरीत शिकवलं होतं. ब्रदर सायझमोर भला माणूस आहे. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याने मक्याच्या भाकरीचे तीन तुकडे खाल्ले, पेलाभर ताक प्यायलं, हवापाण्यावर बोलला, आणि मग हातातली टोपी गोल फिरवत म्हणाला, "बाई, ऑर्विल हॅगरमनचे दिवस भरत आलेत. त्याला बायकोच्या शेजारी जागा हवी आहे."

मी म्हटलं, "मग त्याच्या तोंडाला काय झालं?"

"पोटात पाणी झालंय, बाई. कट्लरहून इथवर येववत नाही त्याला."

"आणि मुलीच्या हाताला काय झालं?"

यावर त्याने चौथा तुकडा घेतला.

टेकडीवरची दफनभूमी आम्हा प्रुएटांची आहे. सगळं खोरं खाणीच्या कंपनीने घेतलं, तेवढा तुकडा माझ्या आजोबांनी विकला नाही. १९१८ च्या तापाच्या साथीत तुझी आई गेली तेव्हा कंपनीच्या दफनभूमीत खड्डे खणायला माणसं पुरत नव्हती. माझ्या आईने न मागता तिला आमच्यात जागा दिली. तू नऊ वर्षांची होतीस. ती जागा दिली याचं मला आजही वाईट वाटत नाही.

तुझ्या वडिलांची गोष्ट वेगळी. बावीस वर्षं ते टॉलिव्हर कंपनीच्या दुकानाचे मॅनेजर होते. खाणीत उतरणाऱ्याला मजुरी मिळायची ती कंपनीच्या पितळी नाण्यांत, मध्ये टी अक्षराचं भोक पाडलेल्या. आणि ते पितळ चालायचं फक्त तुझ्या वडिलांच्या दुकानात. खोऱ्याबाहेर त्याचं बटणसुद्धा कोणी दिलं नसतं. त्यामुळे इथल्या घराघरांत खरी चांदी म्हणून जी होती, ती फक्त मेलेल्यांसाठी ठेवलेली. अर्ध्या डॉलरची दोन नाणी. माणूस गेला की पापण्यांवर ठेवायची, शवपेटीचं झाकण ठोकण्याआधी उचलायची, धुवायची आणि पुढच्यासाठी डब्यात ठेवायची. आमची दोन नाणी पाच प्रुएटांच्या डोळ्यांवर होती. आजोबांनी दोन्हींच्या कडेला कानशीने एक-एक खाच पाडली होती, दुसऱ्या कोणाच्या घरी गेली तर ओळखू यावीत म्हणून.

ती दोन्ही तुझ्या वडिलांच्या गल्ल्यात गेली. १९१९ च्या फेब्रुवारीत माझा भाऊ हायरम खाणीचं छत कोसळून मेला तेव्हा ती घरात नव्हती.

ती दोन नाणी आणून दे आणि जागा घे. नाहीतर नाही.

हेस्टर प्रुएट

*

कट्लर,
११ मार्च

आदरणीय बाई,

चुकलं. मीच लिहायला हवं होतं. धीर झाला नाही. पाटी पुसायच्या फडक्याने तुम्ही बोटांवर मारायचात ते मला अजून आठवतं, आणि तुमचं अक्षर पाकिटावर दिसलं की आजही मी हात मागे घेते.

बाबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणतात त्यांना काही आठवत नाही. दुकानात आलेला खरा पैसा दर शनिवारी थैलीत घालून कंपनीच्या हपिसात जायचा, तसा तोही गेला असेल. आता कंपनी बुडाली, हपिसात कोंबड्या बसतात. कोणाकडे मागायचं?

ते उताणे निजू शकत नाहीत, खुर्चीतच बसून असतात. पाय सुजून खांबासारखे झालेत. त्यांची सगळी पुंजी बँकेत होती आणि बँक गेल्या वर्षी उघडलीच नाही. मी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. सरकारी मदतीचं पीठ येतं त्यावर आमचं चालतं. मी हे दया यावी म्हणून लिहीत नाही. तुम्हाला दया येत नाही हे मला माहीत आहे. चांदी मागितलीत म्हणून लिहिते, की आमच्या घरात चांदीचा चमचासुद्धा नाही.

बाबा म्हणाले तेही लिहिते, कारण तुम्ही आम्हाला खरं लिहायला शिकवलंत. म्हणाले, "तुझ्या बाईंना विचार, शाळा कोणाची होती? पगार कशात मिळायचा? त्यांच्या पर्समध्येसुद्धा भोकाचेच पैसे होते. मी दिले, त्यांनी घेतले."

रागावू नका. त्यांना आईजवळ जायचं आहे, एवढंच.

आपली विद्यार्थिनी,
डेल्फिया हॅगरमन

*

बिटर लिक,
१५ मार्च

डेल्फिया,

तुझं पत्र परत पाठवते आहे. चार चुका आहेत, लाल शाईने दाखवल्या आहेत.

तुझ्या वडिलांचं एक खरं आहे. शाळा कंपनीची होती आणि मी कंपनीचं पितळ घेत होते. कॉलेजात चार वर्षं लॅटिन शिकून मी इथे परत आले ती खोऱ्यातल्या मुलांना शिकवायला, आणि मॅनेजरच्या पोरीलाही तेच शिकवलं जे खाणीतल्यांच्या पोरांना शिकवलं. तेव्हा माझ्या पर्सची उठाठेव त्यांनी करू नये.

त्यांना आठवत नाही म्हणतात. मला आठवतं, तर ऐक.

हायरमला चौघांनी दाराच्या फळीवर घालून आणला. आईने हात पुढे केला, म्हणाली, "हेस्टर, चांदी." मी डबा उघडला. डबा रिकामा. हायरमची बायको नेटी भिंतीशी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि तिने मान खाली घातली. "दुकानात दिली," एवढंच म्हणाली.

शेवटी त्याच्याच खिशातली दोन पितळं त्याच्या डोळ्यांवर ठेवली. पितळ हलकं. उजवा डोळा मिटून राहिला. डावी पापणी हळूहळू वर आली आणि त्या टीच्या भोकातून माझा भाऊ बाहेर बघायला लागला. आमच्यात म्हणतात की मेलेला डोळे उघडे ठेवून निजला तर तो कोणाला तरी सोबत न्यायला शोधत असतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण आईचा होता. माझ्या शाळेतली मुलं रांगेने आली आणि एकेकाने ते भोक पाहिलं. आई म्हणाली, "माझ्याकडेच बघतोय तो." त्यानंतर ती फारशी बोलली नाही. पुढच्या थंडीत ती गेली.

मी त्याच दिवशी दुकानात गेले. आठ-दहा माणसं उभी होती. मी म्हटलं, "ऑर्विल, आमची चांदी परत कर. बदल्यात काय हवं ते घे."

तुझे वडील वजनकाट्यावरून मान वर न करता म्हणाले, "बाई, मिटलेल्या डोळ्याला पितळ काय आणि चांदी काय?"

दोघे-तिघे हसले. ते कोण हेही मला माहीत आहे.

मी विचारलं, "नेटीने ती कशासाठी दिली?"

"केसांच्या फितीसाठी. निळी होती. आता विचारताच आहात म्हणून सांगतो."

घरी येऊन मी नेटीला विचारलं. ती म्हणाली, "क्विनाइनसाठी दिली. रूबीला ताप होता तेव्हा." आता तूच बघ. साथीच्या त्या आठवड्यात सगळ्या खोऱ्याने तुझ्या वडिलांच्या दुकानातून क्विनाइन पितळावर नेलं होतं. मी स्वतः नेलं होतं. त्या दुकानात पितळावर काय मिळत नव्हतं? खोटं बोलायचं तर निदान शोभेल असं बोलावं. मी तिला पोरीसकट घराबाहेर काढलं. ती उत्तरेला ॲक्रनला गेली, टायरच्या कारखान्यात. तिची नऊ पत्रं आली. नऊही न उघडता परत केली.

तेव्हा तुझ्या वडिलांनी एक भाऊ, एक आई आणि एक वहिनी एवढं माझ्याकडून नेलं, आणि वर भर दुकानात माझं हसं केलं.

हायरमच्या डोळ्यांवरची ती दोन पितळं मी मिरपुडीच्या डब्यात जपून ठेवली होती. ती या पाकिटात घातली आहेत. चांदी नसेल तर माझी दुसरी अट ही: तुझे वडील जातील तेव्हा ही दोन त्यांच्या डोळ्यांवर ठेवायची. शवपेटी उघडी ठेवून माझ्या फाटकाशी आणायची आणि सूर्य मावळेपर्यंत सगळ्या खोऱ्याने समोरून जायचं. मग झाकण लावून बायकोच्या शेजारी पुरा.

मिटलेल्या डोळ्याला काही कळत नाही म्हणतात ना? मग त्यांचं काय जातं?

हेस्टर प्रुएट

*

कट्लर,
२२ मार्च

बाई,

नाही.

सरकारी जागेत पुरेन. तिथे नुसता नंबर असतो, पण कोणी रांग लावत नाही.

तुमची पितळं परत पाठवायची होती, पण त्यांच्या वजनाला जास्त तिकिटं लागतात. पैसे मिळाले की पाठवते.

तुमचं दुसरं पत्र मी बाबांना वाचून दाखवलेलं नाही. ते रोज विचारतात, "बाईंचं आलं का काही?" मी म्हणते नाही. पण पहिलं पत्र मी वाचत होते तेव्हाची एक गोष्ट मी मागच्या वेळी लिहिली नव्हती. खाचेचं वाक्य आलं तिथे त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. "दोन्हींना?" म्हणाले. मी म्हटलं, हो, दोन्हींच्या कडेला. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

लिहायचं नव्हतं, पण तुम्ही एकदा वर्गात म्हणाला होतात की अर्धं सांगितलेलं खरं हे पूर्ण खोट्यापेक्षा जास्त चोप खाण्यालायक असतं.

या पत्रातही चुका असतील. लाल शाई वाचवा.

डेल्फिया

*

बिटर लिक,
२७ मार्च

डेल्फिया,

चूक एकच आहे, आणि ती स्पेलिंगची नाही. तू भिंतीकडे वळलेल्या माणसाला तसंच बसू दिलंस.

त्यांना खाच माहीत आहे. कंपनीच्या थैलीत गेलेल्या नाण्याची कड कोण बघत बसतं? ज्याने ते जवळ ठेवलं तोच. म्हणजे नाणी त्यांच्याकडे आहेत. पंधरा वर्षं त्यांच्याकडेच आहेत. बिछाना बघ, कोटाचं अस्तर बघ, दाढीच्या सामानाचा डबा बघ. माझ्या भावाला भोकातून बघायला लावून आमची चांदी त्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांसाठी राखून ठेवली असेल, तर डेल्फिया, मी त्याला सरकारी जागेतसुद्धा स्वस्थ निजू देणार नाही. काउंटीच्या मदत समितीवर मी आहे. तुमचं पीठ माझ्या सहीने येतं, हे तुला बहुधा ठाऊक नसेल. पीठ मी थांबवणार नाही. मी तसली बाई नाही. पण सही करताना दर वेळी मला तुमचं नाव दिसतं, एवढं लक्षात असू दे.

आज टेकडीवर जाऊन आले. तुझ्या आईच्या शेजारच्या जागेवर चार खुंट्या ठोकून दोरी बांधली आहे, कोणी चुकून खणू नये म्हणून.

त्यांना विचार. तोंड फिरवलं तर खुर्ची फिरव.

हेस्टर प्रुएट

*

कट्लर,
४ एप्रिल, बुधवार

बाई,

खुर्ची फिरवली. तुमचं दुसरं आणि तिसरं पत्र दोन्ही त्यांना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग बोलले. ते जसं बोलले तसंच लिहिते.

म्हणाले, "त्या सकाळी तुझी आई गेली. साथीच्या भीतीने घरात कोणी पाऊल टाकीना. मीच तिला धुतलं, मीच कपडे चढवले. डोळ्यांवर पितळ ठेवून पाहिलं. राहिना. डावी पापणी सारखी वर यायची. गल्ल्यात चांदीचा तुकडा नव्हता, थैली शनिवारीच गेली होती. मी दुकान उघडलं. काय करणार, सगळं खोरं औषधाला दारात उभं होतं. सगळे गेल्यावर ती नेटी प्रुएट आली. मुठीत पितळ होतं. पोर तापाने फणफणली होती. मी म्हटलं, क्विनाइनला खरा पैसा लागेल. कालपासून नियम झालाय."

मी विचारलं, "नियम होता?"

"नव्हता."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, 'मिस्टर हॅगरमन, आमच्याकडे खरा पैसा कुठला?' मी म्हटलं, 'प्रत्येक घरात दोन असतात.'"

मी इस्त्री हातात घेऊन तशीच उभी होते. पुढचं त्यांनी खिडकीकडे बघत सांगितलं. नेटी गेली आणि दोन नाणी घेऊन आली. त्यांनी क्विनाइन दिलं आणि उरलेल्याचं पितळ मोजून दिलं. नाणी आईच्या डोळ्यांवर ठेवली, तेव्हा डोळे मिटले. झाकण लावायच्या वेळी उचलायची असतात हे त्यांना माहीत होतं. एक उचललं. "पापणी परत वर आली, डेल्फी. तिने माझ्याकडे पाहिलं. मी ते परत ठेवलं आणि झाकण ठोकलं."

नाणी तुमच्याच जमिनीत आहेत, बाई. ती आईच्या डोळ्यांवर आहेत. खाच त्यांनी तेव्हा बोटाने चाचपली होती, म्हणून आठवत होती.

मी विचारलं, "मग हायरम गेला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर बाईंनी थडगं उघडायला लावलं असतं. तूही त्यांना ओळखतेस. म्हणून फीत सांगितली. तेव्हा जे तोंडाला आलं ते सांगितलं."

"आणि ते पितळ-चांदीचं बोललात ते?"

"ते मी स्वतःलाच म्हणत होतो."

बाबांनी जे केलं ते मी झाकत नाही. आजारी पोराच्या औषधावर त्यांनी एका बाईची चांदी काढून घेतली आणि मग तिला खोटं पाडलं. त्यासाठी तुम्ही त्यांना काय हवं ते म्हणा. पण फितीचं खोटं त्यांनी एकदाच सांगितलं. तुम्ही ते पंधरा वर्षं धरून ठेवलंत. नेटीने तुम्हाला खरं सांगितलं होतं. तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. नऊ वेळा ऐकून घेतलं नाहीत.

काल पहाटे बाबा गेले. खुर्चीतच.

मी शेजारीपाजारी विचारलं. तीन घरं फिरले. चांदी कोणाकडेच नाही, सगळी केव्हाच पिठात गेली आहे. घरात नाणी म्हणून दोनच होती, तुमची. तिकिटांना पैसे नव्हते म्हणून राहिलेली. ती मी त्यांच्या डोळ्यांवर ठेवली. तुमच्या अटीसाठी नाही, दुसरं काही नव्हतं म्हणून. डावी पापणी वर आली आहे. टीच्या भोकातून बघताहेत. तुम्हाला हवं होतं ते तुम्ही न येता झालं.

शुक्रवारी दुपारी सायझमोरबाबांच्या भावाच्या ट्रकमधून त्यांना घेऊन येते आहे. तुमच्या उत्तराची वाट बघत नाही. फाटक उघडा, नाहीतर उघडू नका. मी फाटकाशीच उभी राहीन.

डेल्फिया हॅगरमन

*

बिटर लिक,
७ एप्रिल १९३४

नेटी,

पत्ता शोधावा लागला नाही. नऊ पाकिटांवर वाचला होता, परत पाठवताना.

हे पाकीट तू न उघडता परत केलंस तर तो तुझा हक्क आहे. म्हणून हे डेल्फिया हॅगरमनच्या हाती पाठवते आहे. कट्लरमध्ये तिचं आता कोणी नाही, ती कामासाठी तिकडे येते आहे. आधी ती तुला तिच्या वडिलांनी काय केलं ते सांगेल. तिला ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं आहे. तिला घरात घ्यायचं की दारातूनच परत पाठवायचं, ते तू ठरव. माझं मी या पत्रात सांगते.

काल दुपारी ट्रक आला. मी फाटक उघडून उभी होते. शवपेटी उघडीच होती. खोऱ्यातली बहुतेक सगळी माणसं आली होती, कारण अट काय होती ते पाद्रीबाबांनी कुठेतरी भाकरी खाता खाता सांगितलं होतं. त्या दिवशी दुकानात हसलेल्यांपैकी दोघे होते. आता म्हातारे झालेत. मी त्यांना पहिलं उभं केलं.

मी ऑर्विल हॅगरमनच्या डोळ्यात पाहिलं. टीच्या भोकातून तो माझ्याकडे बघत होता, अगदी हायरमने बघितलं होतं तसा. पंधरा वर्षं मी याची वाट पाहिली. समाधान झालं का, विचारशील. झालं. खोटं कशाला लिहू? पण मग रांग पुढे सरकली, मी तिथेच उभी राहिले, आणि त्या भोकातून मला तू दिसायला लागलीस. भिंतीशी उभी. मान खाली घातलेली. मी ती मान खाली घालणं चोरीची कबुली समजले होते. मुलांना तीस वर्षं शिकवूनही मला एवढं वाचता आलं नाही.

ऊन उतरायला लागलं तसा वर थडगं खणणारा बर्ल खाली आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "बाई, शेजारच्या पेटीची फळी कुजलीय. नुसता हात घातला की चांदी हाती येईल. काढू?"

डेल्फियाने ऐकलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "बर्ल, फळी नीट लाव आणि माती लोट."

"पण बाई, तुमच्या घरची आहे ती. पाच जणांच्या डोळ्यांवरची."

"सहा जणांच्या," मी म्हटलं. "मेलेल्या बाईच्या पापण्या मी उघडणार नाही. तू खण."

ऑर्विलला मी क्षमा केली असं समजू नकोस. सूर्य मावळेपर्यंत पेटी उघडी ठेवली. अट अट असते. मग डेल्फिया म्हणाली, "बाई, तुमच्याकडे उचलायची रीत आहे ना? उचला." मी दोन्ही पितळं माझ्या हाताने उचलली. पापणी बोटाने मिटून धरली आणि बर्लला झाकण लावायला सांगितलं. त्याला बायकोच्या शेजारी जागा दिली आहे. वीतभरही जास्त नाही.

तू खरं बोलत होतीस. मी तुला चोर ठरवलं आणि पोरीसकट हिवाळ्यात रस्त्यावर काढलं. तुझी गोधडीसुद्धा नेऊ दिली नाही. माफी मागून हे फिटत नाही, म्हणून मागत नाही. ज्याचं जे होतं ते परत करते आहे. यादी खाली आहे.

शेवटचं कलम नीट वाच. प्रुएटांत आता मीच उरले आहे, एकसष्ट वर्षांची. घरात चांदी नाही आणि मी ती आणणारही नाही. पाद्रीबाबांकडे मी लिहून ठेवलं आहे की माझे दिवस भरले की आधी तुला कळवायचं, आणि माझ्या डोळ्यांवर काय ठेवायचं ते तू सांगशील तसं करायचं. पेटी किती वेळ उघडी ठेवायची, समोरून कोणी जायचं, तेही तूच सांगायचं.

हेस्टर

नेटी प्रुएट, ॲक्रन, यांना सुपूर्द:

हायरमचा खाणीतला दिवा, एक. टोपीला अडकवायचा आकडा मोडलेला.
हायरमचा नंबराचा बिल्ला, २१४.
नेटीच्या माहेरची गोधडी, एक. एका कोपऱ्याला कसर लागलेली, ठिगळ मी लावलं आहे.
रूबीचा बाप्तिस्म्याचा झगा, एक.
बिटर लिकच्या घराची किल्ली, एक.
टॉलिव्हर कंपनीची पितळी नाणी, टीच्या भोकाची, दोन.

देणार: हेस्टर प्रुएट
नेणार: डेल्फिया हॅगरमन

पोचलं. किल्ली याच पाकिटातून परत केली आहे. डेल्फियाला घरात घेतलं. पितळं ठेवून घेतली आहेत.

नेटी प्रुएट, हायरमची बायको
१२ एप्रिल १९३४